‘याड’ या शब्दाचा तर्जुमा

उस्मानाबादच्या अदालतीत मला मुतर्जिमाची, म्हणजे दुभाष्याची, नोकरी लागली तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि अदालतीचं सगळं कामकाज उर्दूत चालायचं. वकील उर्दूत बोलायचे, न्यायाधीश साहेब उर्दूत लिहायचे, आणि ज्यांच्या रानाचा, घराचा, भावकीचा निकाल लागायचा ती माणसं मराठी बोलायची. मधे मी उभा. कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, पण फाटकाबाहेर टांगेवाले ‘धाराशिव, धाराशिव’ असंच ओरडायचे. मला दोन्ही नावं सारखीच आपली वाटायची.

माझे वडील मणियार. खेडोपाडी फिरून बायकांना बांगड्या भरायचे. शाळेला सुट्टी लागली की मीही त्यांच्या मागं जायचो. बांगड्या भरून घेताना बाया फार बोलतात. हात दुसऱ्याच्या हातात असतो, उठून जाता येत नाही, मग सासूपासून शेजारणीपर्यंत सगळं निघतं. घरात आम्ही दखनी बोलायचो, उर्दू शाळेनं शिकवली, पण मराठी मी शिकलो ती गावोगावच्या ओट्यांवर बसून. त्यामुळं खेड्यातल्या माणसाच्या तोंडचा शब्द मला अदालतीत सहसा अडत नसे. एका खटल्यात मात्र अडला, आणि असा अडला की त्याच्यामागं आम्ही सगळे, साहेबांसकट, बेंबळीपर्यंत गेलो.

पोलीस ॲक्शनच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. बेंबळीच्या एका शेतकऱ्यानं अर्ज दिला होता की माझा थोरला भाऊ वेडा आहे. अदालतीनं त्याला तसं ठरवावं आणि त्याची जमीन माझ्या देखरेखीखाली द्यावी. अर्जात कारणं दिली होती. दरसाल होळी झाली की थोरल्याची झोप जाते. तो रात्रंदिवस गात फिरतो, रस्त्यानं जाणाऱ्याला घरी जेवायला ओढून आणतो. एका उन्हाळ्यात त्यानं आपल्या जोडीतला एक बैल नंदीबैलवाल्याला देऊन टाकला. धाकट्यानं भूमच्या बाजारापर्यंत माग काढत जाऊन तो सोडवून आणला. आणि यंदा त्यानं ओढ्याकाठच्या रानाचं काटेरी कुंपण उपटून टाकलं, ते रान गावच्या सगळ्या गुरांना कायमचं मोकळं म्हणून जाहीर केलं, आणि तसा मुद्रांक लिहून अंगठा द्यायला निघाला. त्या दिवशी धाकटा घाबरला आणि वकिलाकडं गेला.

अर्ज भर उन्हाळ्यात दिलेला. अदालतीच्या चालीप्रमाणं पेशी, म्हणजे सुनावणी, लागली ती दिवाळी उलटून गेल्यावर.

साहेब हैदराबादचे. शिडशिडीत, पन्नाशीचे, चष्मा बहुतेक वेळ कपाळावर. बोलायचे उर्दूतच, पण इथं मी त्यांचं बोलणं मराठीत सांगतो. त्या दिवशी समोर दोघं भाऊ येऊन उभे राहिले. एकाचं धोतर स्वच्छ, पटका नीट बांधलेला, साहेबांना शांतपणे रामराम घालून हात जोडून उभा. दुसरा घामानं डबडबलेला, पटक्याचा शेव सुटलेला, विचारायच्या आधीच बोलायला लागलेला.

साहेबांनी त्या दुसऱ्याकडं बघून आवाज अगदी मऊ केला. “बसा. घाबरू नका. इथं तुम्हाला कोणी काही करणार नाही.” मग शांत माणसाकडं वळून म्हणाले, “यांना हे कधीपासून आहे?”

पेशकार, म्हणजे साहेबांचा कारकून, खोकला. सांगायची पाळी माझ्यावर आली. “हुजूर, अर्जदार ते बसलेत ते आहेत. वेडे आहेत असं ज्यांच्याबद्दल म्हटलंय, ते हे.”

सगळी अदालत हसली. थोरला भाऊही हसला आणि म्हणाला, “न्हाय साहेब, तुमी चुकला न्हाय. त्याला माझाच घोर लागलाय, म्हनून त्यो असा दिसतोय.”

हे मी उर्दूत सांगितल्यावर साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि थोरल्याकडं नीट बघितलं. मग धाकट्याला विचारलं, “तुमचा भाऊ वेडा आहे, असं तुमचं म्हणणं?”

धाकटा चटकन उठला. “साहेब, माझा दादा येडा न्हाय. पर त्याला याड लागतंय.”

त्याचा वकील लगेच म्हणाला, “लिहा. मजनून.”

मी थांबलो. ‘मजनून’ हा कायद्याचा शब्द. तो एकदा कागदावर चढला की माणसाच्या अंगठ्याला किंमत उरत नाही. त्यानं दिलेलं, घेतलेलं, कबूल केलेलं सगळं पोकळ. उर्दूत दुसरे शब्द आहेत. ‘दीवाना’ आहे, तो शायरांनी इतका लाडावून ठेवलाय की अदालतीत शोभत नाही. ‘ख़ब्ती’ आहे, म्हणजे लहरी. पण लहरी माणूस निवांत झोपतो. मी एकेक शब्द मनात उचलून बघत होतो आणि सगळे माझ्याकडं बघत होते.

“काय झालं, मियाँ?” साहेब म्हणाले.

“हुजूर, हे दोन वेगळे शब्द बोललेत. येडा म्हणजे माणूसच तसा. याड लागणं म्हणजे बाहेरून काही येऊन लागणं, जशी ठेच लागते, तहान लागते. पहिलं ते नाकारतायत आणि दुसरं सांगतायत.”

“एका शब्दात?”

“एका शब्दात होत नाही. शिवाय आमच्याकडं आई लेकराला जवळ घेऊनसुद्धा ‘येडं हाय माझं’ म्हणते.”

वकील वैतागले. “हुजूर, अदालत काही आयांचं म्हणणं लिहायला बसलेली नाही.”

“नाही,” साहेब म्हणाले. “पण नेमकं कोणाचं म्हणणं लिहायला बसली आहे, तेही मला अजून कळलेलं नाही.” आणि पुढची तारीख दिली.

पुढच्या पेशीला त्यांनी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर हसतमुख माणूस. त्यांनी मधल्या काळात थोरल्याला दोनदा दवाखान्यात बोलावून तपासलं होतं, बायकोला, भावाला निरोप पाठवून सगळं विचारून घेतलं होतं.

“हा आजार आहे?” साहेबांनी विचारलं.

“आहे.”

“आत्ता आहे?”

“आत्ता नाही.”

“उन्हाळ्यात गातात तेवढंच, की आणखी काही?”

“आणखी आहे, हुजूर. पेरणी झाली की गाणं थांबतं आणि आखाडात हे अगदी गप्प होतात. खातपीत नाहीत. मी शिकलो तेव्हाच्या पुस्तकात उन्हाळ्यातल्या अवस्थेचं नाव वेगळं होतं आणि गप्प बसण्याचं वेगळं. दोन स्वतंत्र आजार. पुढं जे पुस्तक मी घेतलं त्यात दोन्ही मिळून एकच आजार धरलाय.”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “म्हणजे मधल्या काळात आजार एकमेकांना जाऊन मिळाले?”

डॉक्टर हसले. “आजार होते तिथंच आहेत. माणसांकडं वर्षानुवर्षं बघत राहिल्यावर कोणाच्या तरी ध्यानात आलं, की हे दोघं एकाच घरात राहतात.”

“आणि उद्या आणखी कोणी बघत राहिलं तर?”

“तर पुन्हा नाव बदलेल.”

“मग डॉक्टरसाहेब, मी कशाच्या भरवशावर लिहू?”

डॉक्टरांनी जरा विचार केला. “नावाच्या भरवशावर लिहू नका. नाव आम्ही एकमेकांशी बोलायला केलंय. ह्यांची झोप जाते, ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, ते नाव बदललं म्हणून बदलणार नाही.”

हे सगळं उर्दूत चाललं होतं. थोरल्या भावानं माझ्या बाहीला हात लावला आणि हळूच विचारलं, “डाक्टर काय म्हनत्यात?” मी थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, “एकाच घरात ऱ्हात्यात, ह्ये बरुबर हाय. दोघं बी माझ्याच घरात ऱ्हात्यात.”

त्या दुपारी साहेबांनी मला त्यांच्या खोलीत चहाला बसवलं. तसं ते कधी करत नसत. मी खुर्चीच्या कडेवर बसलो.

“मियाँ, तुम्ही या लोकांत वाढलात. तुम्हाला काय वाटतं?”

मला कायद्यातलं काय कळणार? मी मला कळत होतं ते बोललो. “हुजूर, माझे वडील डब्यांत बांगड्या लावतात त्या मापानं. हाताला बसली पाहिजे, म्हणून. बाजारात माझ्या चुलत्यांचं दुकान आहे, ते त्याच बांगड्या रंगानं लावतात, कारण दुकानात बाई आधी रंग मागते. दोघांत यावरून वाद होतो. पण दोघांचंही बरोबर असतं. ज्याचं जसं काम तसे त्याचे डबे.”

“म्हणजे वकिलाचा डबा वेगळा, डॉक्टरांचा वेगळा, आणि गावाचा वेगळा.”

“जी. पण तडा गेलेली बांगडी मापाच्या डब्यात ठेवा नाहीतर रंगाच्या, ती तडकलेलीच. वडील दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवून बघतात. तडकलेली निराळी वाजते.”

साहेबांनी बशीतला चहा संपवला. “आपल्या बेंबळीकरांचा हा रंग आहे की तडा?”

“मला नाही कळत, हुजूर.”

“मलाही नाही,” ते म्हणाले. “वाजवून बघितलं पाहिजे. त्यांची बायको अदालतीत यायला संकोचते, असं पेशकार म्हणत होते. तिचं बोलणं ऐकल्याशिवाय मी काही लिहिणार नाही. आपणच जाऊ.”

म्हणून आम्ही बेंबळीला गेलो. ज्वारी हुरड्यात आली होती. बैलांच्या दमणीत साहेब, मी आणि पेशकार. वकील मागून घोड्यावर. उभ्या ज्वारीतून रस्ता जात होता आणि साहेब लहान मुलासारखे बाहेर वाकून विचारत होते, हे काय, ते काय. करडईला मी उर्दूत काय म्हणतात ते सांगितलं, तर म्हणाले, “नुसतं करडईच चांगलं वाटतं.”

थोरल्यानं रानातच आमची सोय केली होती. बांधाच्या कडेला खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, बाभळीच्या सावलीत घोंगडी अंथरलेली. कणसं भाजून, तळहातावर चोळून, पाखडून तो हुरडा पानावर देत होता. बरोबर गूळ, तिळाची चटणी आणि दही. साहेबांनी स्वतः कणीस चोळायला घेतलं आणि हात पोळून घेतला.

“दमानं, साहेब,” मागून बाईचा आवाज आला आणि पाठोपाठ हसू. ती थोरल्याची बायको. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती दोन पावलं अलीकडं आली, माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, “तुमी मणेरभाईचं लेकरू न्हवं का? तुमचा बाप मला आक्का म्हनतो. म्हंजे म्या तुमची आत्या की.”

“व्हय, आत्या,” मी म्हणालो. तेवढ्यानं तिचा संकोच गेला. पेशकारानं कागद काढला तर साहेबांनी खुणेनं तो ठेवायला लावला. “आधी ऐकू द्या.”

मी तिला म्हणालो, “आत्या, साहेब इचारतात, मामाला, तुमच्या मालकाला, काय होतं ते तुमच्या तोंडानं सांगा.”

तिनं सांगितलं. “होळी झाली की म्या वळखते. ह्यो मानूस उभ्यानं जेवाया लागतो. पाटावर बसतच न्हाय. मग झोप जाती. मग समद्या झाडांस्नी, पाखरांस्नी नावानं हाका मारतो. गानं तर इतकं ग्वाड म्हनतो की शेजारच्या बाया दळाण घिऊन हितं येत्यात.”

“तुम्हाला त्रास होत नाही?” साहेबांनी विचारलं.

“व्हतो की. घरातलं काय कुनाला दिल ह्याचा नेम न्हाय. म्या मागं मागं पळते. पर साहेब, तवा त्यो खुशीत असतो. आन् गावबी खुशीत असतं. फुकाटचं गानं, फुकाटचं जेवान.” ती थांबली. आगटीतली एक गोवरी काडीनं आत ढकलली. “मग पेरन्या व्हत्यात आन् आखाड लागतो. मग ह्यो भिताडाकडं त्वांड करून बसतो. भाकरीचा घास तोंडात घेतो आन् गिळायचं इसरतो. ‘म्या कशापायी हाय’ म्हनतो. दुसरं काय बोलत न्हाय. तवा कुनी येत न्हाय बघा. तवा कुनी कोर्टात जात न्हाय. म्हशीनं शेजारच्या रानात त्वांड घातलं की गावभर बोंब व्हती. तीच म्हैस गोठ्यात बसून ऱ्हायली, चारा सोडला, तर कुनाला कळतंय? धन्यालाच.”

मी तर्जुमा करत होतो. ‘म्या कशापायी हाय’ हे मी आधी तिच्याच शब्दांत म्हटलं, मग उर्दूत. साहेबांनी घाई केली नाही.

धाकटा भाऊ खाली बघत होता. तो म्हणाला, “वहिनी, आखाडात दादा गप बसतो तवा मला वाटायचं, आता शांत झालाय. बरा झालाय. म्या गावात तसंच सांगायचो, की दादा आता बरा हाय.”

“तुमास्नी तसंच वाटनार, भावजी,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “त्यो तवा कुनाचं काय बिघडवत न्हाय.”

वकिलांनी हातातलं कणीस खाली ठेवलं होतं. थोरला मात्र कणसं चोळत होता. साहेब त्याच्या जवळ जाऊन घोंगडीवर बसले.

“तुम्ही सांगा. उन्हाळ्यात तुम्हाला कळतं, आपण काय करतो ते?”

“समदं कळतं साहेब. समदं आठवतंबी. लोकं म्हनत्यात, तवा ह्याच्या अंगात कुनी शिरतं. तसं न्हाय. तवाबी म्याच असतो. त्यो बैल म्याच दिला. त्या नंदीवाल्याचं जनावर थकलं हुतं, पाय वडत हुतं. त्याची कीव आली, ह्ये मला आजबी बरुबर वाटतं. पर माझी जोडी फोडायची न्हवती, ह्येबी आज कळतं. तवा दुसरी गोष्ट दिसतच न्हाय. एकच दिसती, आन् ती लई उजेडात दिसती.”

“आणि आखाडात?”

त्यानं नवं कणीस आगटीत सरकवलं. “आखाडाचं नगा इचारू. आज रान पिकलंय.”

साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, “तुमच्या भावाच्या अर्जावर मला काहीतरी लिहायचं आहे. काय लिहू?”

थोरल्यानं हात झटकले. “येडा लिव्हा न्हायतर शाना लिव्हा, कागद तुमचा हाय. पर एक करा. होळीपासनं पेरन्या व्हईस्तवर नुसत्या माझ्या अंगठ्यावर कुनी काय घिऊ नये, दिऊ नये. माझ्या अंगठ्याशेजारी हिचा अंगठा पायजे. म्या शुद्धीत हाय तवर ह्ये लिवून घ्या. उन्हाळ्यात म्या कबूल व्हनार न्हाय.”

मी हे सांगितलं तेव्हा साहेबांचे डोळे चमकले. पण ते लगेच विचारत राहिले. “समजा उन्हाळ्यात तुम्ही माझ्यासमोर येऊन म्हणालात, तो कागद फाडून टाका. मग?”

“तवा माझं ऐकू नगा.”

“पण तेव्हाही तुम्हीच असता, असं आत्ताच म्हणालात. दोघांपैकी मी कोणाचं ऐकायचं?”

आता थोरला खरंच विचारात पडला. बायकोकडं बघितलं, भावाकडं बघितलं. मग म्हणाला, “व्हय. त्योबी म्याच. पर त्याला कुनाला इचारायची सुद न्हाय. मला हाय. ज्याला इचारायची सुद हाय, त्याचं ऐका.”

साहेब मोठ्यानं हसले. अदालतीत मी त्यांना कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. “मियाँ,” ते मला म्हणाले, “ह्याचा तर्जुमा नीट करा. हे मला जसंच्या तसं पाहिजे.” मी तो तिथंच, पेशकाराच्या कागदावर, स्वतःच्या हातानं लिहिला. नोकरीत मी हजारो वाक्यं इकडून तिकडं नेली, पण ते वाक्य नेताना मला जी मजा आली ती पुन्हा फार थोड्या वेळा आली.

हुकूम पुढच्या पेशीला निघाला. त्यात ‘मजनून’ हा शब्द नव्हता, ‘दीवाना’ नव्हता, कुठलाच नव्हता. साहेबांनी एवढंच लिहिलं की दोघां भावांत राजीखुशीनं असं ठरलं आहे. होळीपासून पेरणी संपेपर्यंत थोरल्याच्या कुठल्याही व्यवहाराला त्याच्या पत्नीचा अंगठा लागेल. एरवी तो आपल्या जमिनीचा पूर्ण मालक आहे. अर्ज निकाली. वकिलांनी मला बाहेर गाठून विचारलं, “शेवटी हा माणूस आहे तरी कोण? आजारी का धडधाकट?” मी म्हणालो, “वकीलसाहेब, हुकमाला त्याची गरज पडली नाही.” ते पुटपुटत गेले, पण जाताना थोरल्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

हुकूम वाचून झाल्यावर साहेबांनी धाकट्याला थांबवलं आणि मला म्हणाले, “एक गोष्ट हुकमात बसत नाही, मियाँ, म्हणून तुम्ही नुसती त्यांना सांगा. आखाडात भावाकडं जात चला. त्यांना बोलतं करायची गरज नाही. नुसतं जात चला.”

मी सांगितलं. धाकटा म्हणाला, “जाईन साहेब,” आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

पुढच्या उन्हाळ्यात काय झालं ते मला बाजारात बेंबळीची माणसं भेटली की कळायचं. थोरला गायला लागला होता. एका सावकाराच्या कारकुनानं मुद्रांक घेऊन हळूच घर गाठलं, तर आत्यानं दारातूनच सांगितलं, “माझा अंगठा पिठात हाय. आखाड झाल्यावर या.” ती गोष्ट गावात इतकी गाजली की पुढं बेंबळीत कोणाला कशाला नकार द्यायचा असला की लोक तेच म्हणायला लागले.

मी स्वतः गेलो तो आखाडात. एका दुसऱ्या खटल्याच्या चौकशीसाठी गावात आलो होतो. काम उरकलं आणि पाय त्यांच्या घराकडं वळले. ओसरीवर दोघं भाऊ बसले होते. थोरल्याचं तोंड भिंतीकडं नव्हतं, पण आमच्याकडंही नव्हतं. धाकट्यानं अंबाडीच्या सालीचा भिजवलेला वाख आणला होता आणि दोघं मिळून गुरं बांधायची दावी वळत होते. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. धाकटा मधूनच काहीबाही बोलायचा, गाय व्याली, अमक्याचं जावळ झालं. थोरला ऐकतोय की नाही कळत नव्हतं. आत्यानं मला पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाली, “रोज येत्यात भावजी. पहिल्यांदी दोघंबी नुसतंच बसून ऱ्हायचे, मग ह्यांनी वाख आनला.”

मीही बसलो आणि एक टोक धरलं. बांगड्यांच्या घरातला मी, मला दावं कुठलं येतंय? बराच वेळ वळल्यावर थोरल्यानं वर न बघता माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, सगळं उलगडलं आणि परत दिलं. “उलटा पीळ बसला,” तो बारीक आवाजात म्हणाला. धाकटा बोलता बोलता थांबला. आत्या दारात उभी होती. मग थोरला त्याच बारीक आवाजात म्हणाला, “पाव्हण्याला च्या टाका की.” आत्या आत गेली आणि चूल फुंकल्याचा आवाज आला.

साहेबांची पुढं बदली झाली. मग दिवस बदलले, राज्य गेलं, त्या वर्षात पुष्कळांनी पुष्कळ सोसलं. ते इथं सांगायचं नाही. अदालतीत मराठी आली आणि मुतर्जिम लागेनासे झाले. मला दप्तरात जुन्या उर्दू कागदांचं मराठी करायचं काम मिळालं, म्हणजे आधी ज्या वाटेनं गेलो होतो तीच उलटी चालत आलो. त्यातही ‘मजनून’, ‘कमअक्ल’, ‘ख़ब्ती’ असे शब्द यायचे. मी ते लिहायचो, तसंच लिहायला पाहिजे होतं. पण प्रत्येक वेळी मनात यायचं, हा माणूस जेवायचा कसा, झोपायचा का, आणि हा शब्द लिहून घ्यायला कोण आलं होतं?

बेंबळीशी येणंजाणं टिकलं. म्हातारपणी थोरल्याचे उन्हाळे सौम्य झाले. आखाड काही गेले नाहीत, पण ते एकटे राहिले नाहीत. त्याच्या नातीचं लग्न निघालं तेव्हा तिथी मुद्दाम होळीनंतरची धरली. धाकटाच मला आवतण द्यायला आला होता. “तवा दादाचा गळा मोकळा असतो,” तो म्हणाला, “लग्नात गानं कोन म्हननार?”

मी बायकोला घेऊन गेलो. मांडवात थोरला उभाच होता, सगळ्यांना उभ्यानंच वाढत होता, आणि गात होता. पांढऱ्या मिशांतून आवाज असा निघत होता की वाजंत्री वाजवायची थांबली. माझी बायको बाजूच्या बाईला विचारत होती, “हे कोण?” ती म्हणाली, “नवरीचं आजोबा. लई ग्वाड मानूस.” आत्यानं माझ्या बायकोच्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली. आम्ही भरपूर जेवलो, आणि संध्याकाळच्या बसनं धाराशिवला परत आलो.